दिवसाचा डोळा

लसूण म्हणजे भाला, हे मला पेठेकाकांनी इंडियन ग्रोसरीच्या बिलिंग लाइनमध्ये शिकवलं. "गार्लिक! त्यातला 'गार' म्हणजे जुन्या इंग्रजीत भाला. पाकळी बघा, आहे की नाही भाल्याच्या टोकासारखी? हजार वर्षांपूर्वीचं नाव, बरं का!" मागे पाच माणसं खोळंबलेली. काकांना त्याचं काय?

पेठेकाका म्हणजे इथे अमेरिकेत, बॉथेलमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या समीरचे वडील. पुण्यात तीस वर्षं जर्मन शिकवलं, आता सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. मी नागपूरची, म्हणून मला शेवटपर्यंत 'नागपूर'च म्हणत. पण झाडाचं नाव कळलं की त्याच्या खापरपणजोबापर्यंत पोचल्याशिवाय सोडत नसत. "नागपूर, थांबा! हा इथला बर्च आणि आपला भूर्ज, एकाच आजीची नातवंडं!" मी ऑफिसच्या कॉलवर आहे, हे त्यांना कोण सांगणार?

त्यांची स्वतःची नात मीरा, सहा वर्षांची. काका मराठीत काहीही बोलले की 'ओके' म्हणून पळायची. काकांचा सगळा जीव तिच्यात. एकदा त्यांनी तिला लॉनमधली डेझीची फुलं दाखवली. "डेझी म्हणजे दिवसाचा डोळा. सकाळी उघडतो, संध्याकाळी मिटतो."

मीरा थबकली. "रिअली? शो मी!"

सहा महिन्यांत तिने पहिल्यांदा आजोबांकडे काही मागितलं होतं. शनिवारी सकाळी दाखवायचं ठरलं. काकांचं परतीचं विमान त्याच दिवशी होतं.

आणि शुक्रवारी लॉन कापणारा आला! काकांनी फुलांच्या मधोमध खुर्ची टाकली आणि ठाण मांडून बसले. समीर वरून ओरडला, "बाबा, प्लीज, लोक बघतायत!"

"बघू देत," काका म्हणाले, आणि थर्मासमधला आल्याचा चहा त्या माणसापुढे धरला. तो बिचारा चहा पिऊन, हसत हसत खुर्चीला वळसा घालून गेला.

शनिवारी सातला काका मफलर गुंडाळून हजर. मीरा पायजम्यात. मीही उतरले, म्हटलं बघू तरी. आणि आभाळ हे असं गच्च! वर पावसाची भुरभुर. सगळी फुलं घट्ट मिटलेली. अर्धा तास झाला, तास झाला. काका कधी घड्याळाकडे बघत, कधी वर. "उघडतील हं, उघडतील." मला त्या ढगांचा इतका राग आला म्हणून सांगू!

शेवटी मीराने त्यांचा हात ओढला. "आजोबा," ती चक्क मराठीत म्हणाली, "उद्या बघू?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "हो राजा. उद्या बघू."

मला काही तिथे उभं राहवलं नाही.