जाळीवरचा मोजा

संगणकाच्या मागच्या जाळीतून येणारी हवा एकेचाळीस अंशांची असते, हे तिने मोजलं होतं. तिथे ओला पायमोजा चाळीस मिनिटांत वाळतो, हा शोध मात्र बाबांचा.

संगणकात विश्वातले पहिले तारे पेटत होते. त्यांच्या काळातल्या क्ष-किरणांनी दीर्घिकांमधला गारठलेला वायू कसा तापला, याचं गणित सलग बारा दिवस चालायचं होतं. नवव्या दिवशी जाळीवर मोजा पडला, यंत्र तापलं आणि आपणहून बंद झालं. नऊ दिवस पाण्यात!

"बाबा, वायू तापायच्या आत यंत्रच तापलं!"

"चुकलो गं बाई."

दुसऱ्या खेपेला दहाव्या दिवशी टॉवेल. तिसऱ्या खेपेला अकराव्या दिवशी बाबांची शाल. "घरघर करत होतं बिचारं. म्हटलं, थंडी वाजत असेल."

मार्गदर्शक बाई फोनवर करवादल्या, "अगं, तुझ्या विश्वात उजाडणार कधी? तिकडची नोकरी काय तुझी वाट बघत बसणारे? शुक्रवारी उत्तर हवंय त्यांना."

"गणित संपलं की कळवते," ती म्हणाली. दीड महिना ती हेच म्हणत होती. 'तिकडे' म्हणजे दोन विमानं बदलून. आणि आई गेल्यापासून घरात दोघंच.

गुरुवार हा चौथ्या खेपेचा बारावा दिवस. ती चहाचे कप घेऊन आली, तर बाबा संगणकामागे वाकलेले. हातात मोजा. तिने तो काढून घेतला.

"बाबा, हा तर कोरडा आहे."

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चाळीस वर्षं वायरमनकी केलेल्या माणसाला, जाळी झाकली की काय होतं, हे ठाऊक नसेल?

"हे संपलं की तू जाणार," ते जमिनीकडे बघत म्हणाले. मग एकदम मान वर करून, "पण मला एक सांग. दर वेळी पहिल्यापासून सुरुवात कशाला? झालेलं मधे मधे साठवून ठेवता येत नाही का गं?"

येत होतं. एका ओळीचं काम होतं. ती ओळ तिने चारही वेळा लिहिली नव्हती.

तिने हातातला मोजा उगाच उलटासुलटा केला. संगणक घरघरत राहिला.

"तारे कुठे, वायू कुठे," बाबा हळूच म्हणाले. "एवढ्या लांबून ऊब पोचते?"

"वेळ लागतो. पण पोचते."

बाबांनी तिच्या हातून मोजा घेतला, पायात चढवला आणि पलंगाखाली दुसरा शोधू लागले.

"बाबा," ती म्हणाली, "मी तिकडे जाणारे."