'रन'चे इशारे

इंग्रजी कठीण असते असं ज्यानं सांगितलं, त्यानं आधी मले विचाराले पाहिजे होतं. 'रन' या शब्दाचे सारे अर्थ मी शनिवारपर्यंत पाठ करणार होतो, अन् तेही घरात कोणाले पत्ता न लागू देता.

झालं असं की माह्या नातीच्या, भूमिकाच्या शाळेत आजोबांचा कार्यक्रम होता. प्रत्येक आजोबानं स्टेजवर एक इंग्रजी शब्द घ्यायचा अन् त्याचे जमतील तेवढे अर्थ सांगायचे, बक्षीस नातवंडाले. तिची मैत्रीण म्हणली, "तेरे दादाजी तो क्रेन को इशारे करते थे, वो क्या बोलेंगे?" पोरगी घरी येऊन जेवलीच नाई. मी म्हणलं, "बाई, तू फक्त टाळ्या वाजव."

'रन' घेतला, कारण छोटा. वाटलं, अर्थही कमीच असतीन. डिक्शनरी उघडली अन् घाम फुटला. माणूस धावते तेही रन, नळ वाहते तेही रन. मशीन चालते, नाक गळते, कपड्याचा रंग जाते, कोणी निवडणुकीले उभं राहते, कोणी घरातून पळून जाते, सारं रनच. एवढासा शब्द, अन् पोट रेशनच्या गोदामाएवढं!

पाठ काई होईना. मंग डोकं चालवलं. माहा जन्म स्टील प्लांटात गेला. तिथं कान फाटाची वेळ, कोणाचं बोलणं कोणाले ऐकू येत नाई. मी खालून हातानं इशारे करत होतो, अन् वर बसलेला क्रेनवाला तसा माल उचलत होता. माह्या तोंडापेक्षा माहे हात हुशार. म्हणून एकेका अर्थाले एकेक इशारा लावला. मशीन चालणं म्हणजे बोट वर करून गरगर. नळ म्हणजे बोट खाली करून गरगर. पळून जाणं म्हणजे हात लांब करून 'तिकडे'. नाकासाठी नाक पुसाचं.

माही बायको शकू पाहीन म्हणून सकाळी गच्चीवर जाऊन प्रॅक्टिस करत होतो. समोरच्या गच्चीवर वासंतीवहिनी कपडे वाळत घालतात, इकडे माहं लक्ष नव्हतं. शकूचं होतं.

"कोणाले बोलावून राहिले होते?" तिनं चहा आपटत विचारलं.

"कोणाले नाई. हाताचा व्यायाम."

"व्यायामात नाक कावून पुसता?"

"सर्दी हाय."

"सर्दीत ओठ हालतात?"

दुसऱ्या दिवशी चहात साखर नव्हती. प्लांटच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला डबा उघडून पाहते ना, तसं ती मले पाहून राहिली होती. माहा मोबाइल तिच्या उशीखाली गेला. दाढी केली तरी तिले संशय, नाई केली तरी संशय.

गुरुवारी संध्याकाळी वासंतीवहिनीचे मालक आले, सूर्यकांत. आता दुर्दैव पाहा. वर बसलेला तो क्रेनवाला म्हणजे हेच. माहे जन्माचे जोडीदार.

ते बसले नाई. "तेजरामभाऊ, आयुष्यभर तुमचे इशारे वाचले मी. आज सकाळी तुम्ही माझ्या बायकोकडे बघून काय म्हणालात?"

"काय म्हणलो?"

"वर उचल. तिकडे घे. हळूच खाली सोड." त्यांनी हातानं सारं करून दाखवलं. एकही चूक नाई.

शकू पोळीचं लाटणं घेऊनच बाहेर आली. "अन् भाऊजी, ते नाक?"

"ते आमच्या कोडमध्ये नाही, वहिनी. ते त्यांचं खासगी असेल."

मी शाळेचं सारं खरं सांगितलं. शकू म्हणली, "मंग सांगा अर्थ. भाऊजी, यांचे हात धरा."

सूर्यकांतनं दोन्ही हात गच्च धरले. मी तोंड उघडलं. एकही अर्थ निघाला नाई. धावणंसुद्धा नाई. लाइट गेलेल्या क्रेनसारखा उभा.

"पाहा," शकू म्हणली. "शनिवारी मीही येते शाळेत. तिथंही अर्थ नाई निघाले, तर मी तिथूनच माहेरी, गोंदियाची गाडी पकडते. माह्या भावाले, चंपतदादाले सांगून ठेवते."

"मीही येतो," सूर्यकांत म्हणले.

शनिवारी स्टेजवर गेलो, तर मॅडमनं हातात माईक दिला. एक हात गुंतला, म्हणजे अर्धं इंग्रजी गेलं! तिसऱ्या रांगेत शकू पर्स घेऊन, गाडी पकडाच्या तयारीतच बसली होती. भूमिकाचं तोंड एवढंसं झालं. मी तिले इशारा केला, इकडे ये. ती पळत आली, माईक माह्या तोंडापुढं धरून उभी राहिली. अन् हात सुटल्याबरोबर अर्थ सुटले. मशीन, नळ, रंग, निवडणूक. नाक आलं तेव्हा पोरं खिदळली, अन् शकूनं पर्स मांडीवरून खाली ठेवली.

शेवटचा होता पळून जाणं. जोरात हात लांब केला, "तिकडे!" तिकडं नेमक्या शाळेच्या नव्या संगीतवाल्या मॅडम बसल्या होत्या.

सूर्यकांत ताडकन उभे राहिले अन् दोन्ही हात आडवे पसरले. एमर्जन्सी स्टॉप. हा इशारा कोणीही दिला तरी क्रेनखालचा माणूस थांबते, विचारत नाई. मीही थांबलो. हात मॅडमकडे, तोंड उघडं. अख्खा हॉल वळून पाहे, आजोबा कोणाले घेऊन पळून राहिले.

भूमिकाले पहिलं बक्षीस भेटलं. शकूची गोंदियाची गाडी सुटून गेली.

परवा मी कुंड्याले पाणी घालाले गच्चीवर गेलो. समोर वासंतीवहिनी बालटी घेऊन आल्या. मागं वळून पाहतो, तर जिन्याच्या दारात शकू, दोन्ही हात आडवे पसरून. सूर्यकांतनं तिले तेवढा एकच इशारा शिकवला हाय. तेवढ्यात भागते म्हणते.