लग्नावरचा ठिपका

इजिप्तमधल्या झगाझीगच्या बाजारात कोंबड्या विकणारे हाजी बयूमी मुलीची लग्नपत्रिका करायला छापखान्यात येऊन बसले आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर 'फरह', म्हणजे लग्न, या शब्दाच्या डोक्यावर त्यांना एक ठिपका दिसला. अरबी लिपीत शेवटच्या अक्षरावर ठिपका आला की 'फरह'चं 'फर्ख' होतं, म्हणजे कोंबडीचं पिल्लू. दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. पण हाजींच्या दुकानासमोर शलबी कसाई बसायचा, आणि तो त्यांची टिंगल करायला निमित्तच शोधत असायचा.

"तो ठिपका काढ गं पोरी."

"तो नाहीच आहे, हाजी," अक्षरं जुळवणारी माजदा म्हणाली. "पडद्यावर अक्षरं फुटतात. कागदावर स्वच्छ येईल."

हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची आणि कुणाला पटायचं नाही. एक प्रत छापून दाखवते म्हणाली, तर चुकीचा कागद बाजारभर फिरेल म्हणून हाजी नको म्हणाले. अक्षरं मोठी केल्यावर ठिपका शब्दापासून जरा सुटला.

"पाहुणे काय भिंग घेऊन वाचणारेत?" हाजींनी विचारलं.

तिने फाँट बदलला, पडद्याची सेटिंग बदलली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. ठिपका जागचा हलेना. ओळ खाली घ्यावी तर तिथे हाजींनी हौसेने निवडलेली दोन कबुतरं होती. शेवटी वैतागून तिने ठिपक्यावर पांढरी चौकट चिकटवली. तो ठिपका आहे कुणाचा, हे विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.

पत्रिका छापून आल्या. 'फरह' अगदी स्वच्छ होतं. वरच्या ओळीत नवरीच्या नावातला खालचा ठिपका मात्र गेला होता आणि 'नगला'ची 'नहला', म्हणजे मधमाशी झाली होती.

हाजींना रडूच फुटलं. एकुलती एक मुलगी, आणि पत्रिका त्याच संध्याकाळी वाटायच्या होत्या. पुन्हा छापायला वेळ नव्हता. मग त्यांनी पेन घेतलं आणि एकेका पत्रिकेवर लेकीच्या नावाखाली स्वतःच्या हाताने ठिपका दिला. बोटं जाड, ओळी जवळजवळ, त्यामुळे प्रत्येक ठिपका जरा खालच्या ओळीकडेच उतरला.

शलबीने पत्रिका उभ्या उभ्या वाचली, नीट घडी करून खिशात ठेवली.

"मुबारक, हाजी. गुरुवारी कोंबडीचं पिल्लू आहे, ते कळलं," तो म्हणाला. "लग्न कधी आहे?"