‘दारवान’ नेमकं करतो काय?

थोरल्याने वर्णनाचं तेच वाक्य पुन्हा पाठवलं आणि धाकटीने ते पुन्हा परत केलं. दोघं भावंडं एकाच जेवणाच्या टेबलाच्या दोन टोकांना बसली होती, तरी भांडण मेलवरून चाललं होतं. तोंडाने भांडलं की आत्या मध्ये पडायची.

थोरल्याने ‘दारवान’ नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. संगणकाच्या सुरक्षेसाठी, फुकट, आतला कोड कुणालाही बघायला मोकळा. लोक जिथून अशी सॉफ्टवेअर उतरवून घेतात, त्या संग्रहासाठी त्याचं पॅकेज, म्हणजे उतरवून थेट बसवता येईल असं गाठोडं, बांधायचं काम धाकटीचं. पॅकेजच्या नावाखाली दोन ओळींचं वर्णन लागतं. लोक तेवढंच वाचतात आणि बसवायचं की नाही ते ठरवतात.

थोरल्याचं वर्णन होतं, ‘बहुस्तरीय, बुद्धिमान, भविष्यवेधी संरक्षणाची लवचीक चौकट.’

शेवटी धाकटीला राहवलं नाही. “दादा, यावरून कुणाला काय कळणार? सुतारकाम वाटतंय!”

“ज्याला कळायचं त्याला कळतं.”

“मला नाही कळत. आणि पॅकेज मी बांधते.”

“मग गुमान बांध ना!”

धाकटीचं टाळकं सरकलं. वर्णनाची जागा रिकामी ठेवून चालत नाही, म्हणून तिने तात्पुरतं खरडलं, ‘हे काय करतं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. बसवायचं तर आपल्या जबाबदारीवर.’ चहा घेऊन आल्यावर बदलू, म्हणत ती उठली. पण बोटांना सवय लागलेली. वर्णन लिहिलं की पाठवायचं बटण दाबायचं. चहाला उकळी येईपर्यंत ‘दारवान’ जगभर पोचला होता.

दुपारी कुणीतरी ते वाक्य हसत हसत चारचौघांना दाखवलं. त्या चौघांनी आणखी कुणाकुणाला. एका कॉलेजातल्या मास्तरांनी प्रामाणिक लेखनाचा नमुना म्हणून ते वर्गात वाचलं. उतरवून घेणाऱ्यांची तर झुंबड उडाली. मग संग्रहाच्या प्रमुखांचा फोन आला.

“हा काय पोरखेळ लावलाय? संध्याकाळपर्यंत नीट वर्णन द्या, नाहीतर पॅकेज काढून टाकतो.”

थोरल्याचा चेहरा पडला. नोकरी सांभाळून, सगळ्या सुट्ट्या जाळून त्याने ‘दारवान’ उभा केला होता. संग्रहातून गेला की त्याला कुत्रंही विचारणार नव्हतं.

“माझं वाक्य टाक,” तो म्हणाला.

“नाही टाकणार.”

“अगं, पॅकेज जाईल!”

“जाऊ दे! काय करतं ते सांगता येत नाही, अशी वस्तू मी लोकांच्या गळ्यात मारणार नाही.”

आवाज चढले, तशी आत्या आलीच. ती एका दवाखान्याच्या काउंटरवर बसायची. “ए, आमच्या दवाखान्यातल्या संगणकावर हे बसवलं तर काय होईल, तेवढं सांग की.”

“आत्या, ते तांत्रिक आहे.”

“मग नाही बसवत, जा!”

थोरल्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. सुटका नव्हती. “कुणी पुन्हापुन्हा चुकीचा पासवर्ड देऊन आत घुसायला बघत असेल, तर ‘दारवान’ त्याच्या संगणकाचा पत्ता टिपून ठेवतो आणि त्याला बाहेर अडवतो. झालं समाधान?”

“हेच तर हवं होतं!” धाकटी भराभर टाईप करायला लागली. “किती वेळ अडवतो?”

“कायमचा.”

“संगणक बंद करून परत चालू केला तरी?”

“तरी काय? तरी...”

थोरल्याने कोड उघडला, वरखाली केला, चष्मा पुसला, परत पाहिलं. टिपलेले पत्ते ‘दारवान’ कुठेच साठवत नव्हता. संगणक बंद झाला की सगळं विसरायचा आणि सकाळी त्याच चोरांसाठी पुन्हा दार मोकळं.

“आम्ही तर रोज जाताना बंद करतो,” आत्या म्हणाली.

थोरल्याने धाकटीचा कीबोर्ड स्वतःपुढे ओढला आणि लिहिलं, ‘चुकीचा पासवर्ड पुन्हापुन्हा देणाऱ्याला अडवतो. संगणक बंद केला की मात्र विसरतो. दुरुस्ती चालू आहे.’

थोड्याच वेळात प्रमुखांचा फोन. धाकटीने स्पीकर लावला.

“वर्णनात स्वतःचा दोष? असं कुणी लिहितं का? ती ओळ काढा, मग ठेवतो पॅकेज.”

धाकटी काही बोलणार, तोच थोरल्याने फोन हिसकावला. “एक अक्षर काढणार नाही! पॅकेज काढायचं तर खुशाल काढा. आपण काय बसवतोय ते लोकांना कळायला नको?”

फोन आपटून तो धाकटीकडे वळला. कान लाल झाले होते.

“आणि ते ‘भविष्यवेधी’वालं माझं वाक्य तुझ्या मेलमध्ये असेल,” तो हळूच म्हणाला, “ते खोडून टाक. कुणीतरी वाचेल.”