इंदिराबाईंचं विशेषनाम

“अंबुजा? इकडे तसं कोण नाहीत. राँग नंबर!”

सकाळपासून मालोजीराव हे पुन्हा पुन्हा सांगत होते. पूर्वजांनी म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत पहारे दिले. मालोजीरावांच्या वाट्याला घरातल्या एकुलत्या एका मोबाइलचा पहारा आला होता आणि त्यात ते कसूर करत नसत. पुन्हा तीच बाई बोलली तेव्हा त्यांनी तिला चांगलं झापलं आणि तिचा नंबर ब्लॉक करून टाकला.

“कोण होतं हो?” इंदिराबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“सुम्ने, उगीच कोण तरी. तू इडली वाढ.”

ही भानगड सुरू झाली ती इंग्रजी व्याकरणापासून. गोकुलममधल्या त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत योग शिकायला आलेल्या परदेशी मुली राहत. त्यांच्याशी नुसतं हसून हसून इंदिराबाईंचे गाल दुखायला लागले, तेव्हा त्यांनी जयलक्ष्मीपुरममध्ये वाणी टीचरच्या इंग्रजी वर्गात नाव घातलं. टीचरनं आधी शब्दांच्या जाती घेतल्या. नाव म्हणजे नाउन, नावाऐवजी येतो तो प्रोनाउन.

“म्हणजे आमच्या घरात सगळे प्रोनाउनच की!” इंदिराबाई म्हणाल्या. “मी त्यांना ‘हे’ म्हणायचं, ते मला ‘अगो’ म्हणायचं.”

“‘अगो’ प्रोनाउन नव्हे, अम्मा. ते इंटरजेक्शन. नुसता उद्गार.”

वर्ग हसला. इंदिराबाईही हसल्या, पण एवढा संसार करून आपण नुसता उद्गारच, हे त्यांना लागलं.

“मग मी नाउन कधी व्हायचं?”

“तुमचं नाव आहे ना? ते प्रॉपर नाउन. ते बदलत नाही.”

इंदिराबाई तिथंच अडल्या. त्यांचं तर बदललं होतं. लग्नात मालोजीरावांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं ‘इंदिरा’ लिहिलं आणि माहेरची अंबुजा त्या तांदळातच राहिली. मग म्हणाल्या, “तसं असेल तर टीचर, माझं नाव अंबुजा.”

आज वर्गाचा समारंभ होता. प्रत्येकानं उभं राहून इंग्रजीत आपली ओळख करून द्यायची होती. दुपारचा कार्यक्रम ऐनवेळी सकाळी आला, आणि ते कळवायलाच टीचर फोन करत होती. इकडे इंदिराबाई दुपारच्या भरवशावर भांडी घासत “माय नेम इज” घोकत होत्या. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

“अंबुजाम्मा आहेत?” वाणीनं विचारलं.

मालोजीराव खवळले. “तुम्हीच का त्या राँग नंबर? आता घरापर्यंत आलात? सांगितलं ना, इकडे अंबुजा म्हणून...”

“मीच ती,” इंदिराबाई हात पुसत बाहेर आल्या.

“अय्यो, बेगा, लवकर चला अम्मा, सगळं संपत आलं!”

मालोजीराव बायकोकडे पाहतच राहिले. अंबुजा हे नाव त्यांनी आपल्याच लग्नपत्रिकेत वाचलं होतं. तेव्हा ते गोडही वाटलं होतं. मग कधी विसरले, तेही आठवेना. त्यांना लाज वाटली. ते मुकाट्यानं चपला घालून रिक्षात अंग चोरून बसले.

ते पोचले तेव्हा लोक उपमा खाऊन पांगत होते. टीचरनं हातापाया पडून काहींना थांबवलं. इंदिराबाई उभ्या राहिल्या. “माय नेम इज अंबुजा,” त्या म्हणाल्या आणि पुढची सगळी पाठ केलेली वाक्यं डोक्यातून पार उडून गेली. त्या तेवढ्यावरच बसल्या. मालोजीरावांनी टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांच्या थांबल्या तरी वाजवत राहिले.

दुसऱ्या दिवशी टीचरचा फोन आला. नंबर आता ब्लॉक नव्हता.

“अगो...” मालोजीराव आत पाहून म्हणाले आणि थांबले. त्यांनी घसा खाकरला. तोंडाला सवय नव्हती. “अंबुजा! फोन!”

इंदिराबाई दाराआडच होत्या. त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं, डोळे भरून येण्याइतकं. पण इतक्या वर्षांची उधारी एका हाकेत थोडीच फिटते!

“इकडे तसं कोण नाहीत,” आतून उत्तर आलं. “राँग नंबर!”