कुणापैकी?

दिलावरभाऊ तांबोळी फोन उचलल्यावर 'हॅलो' म्हणत नाहीत. 'कुणापैकी?' म्हणतात.

आमच्या मावळात हा प्रश्न जुनाच आहे. अनोळखी माणूस ओट्यावर टेकला, की त्याचं नाव नंतर. आधी तो कुणाच्या घरचा, कुणाच्या नात्यातला ते विचारायचं. तो अमक्याचा मेहुणा निघाला, की मग चहा. पण बाकीचं गाव प्रसंग पाहून विचारतं. दिलावरभाऊंना प्रसंग लागत नाही. कर्ज हवंय का म्हणून फोन करणाऱ्या एका मुलीचा मामा बोलता बोलता वडगावचा असल्याचं शोधून काढलं आणि तिला मामासकट जेवायला बोलावलं. लोणावळ्यात दाढ काढताना, डॉक्टरांचा चिमटा तोंडात असताना, त्यांनी जे विचारलं ते डॉक्टरांना कळलं नाही, बाहेर बाकावर बसलेल्या मला कळलं. भिजून आडोशाला आलेल्या मुंबईच्या एका जोडप्याला विचारलं, 'कुणापैकी?' तर तो मुलगा घाबरून म्हणाला, 'आम्ही दोघंच आहोत.'

हे मला इतकं ठाऊक, कारण मी त्यांची शेजारीण. लग्न होऊन कार्ल्यात आले आणि खाचरांकडे तोंड करून बसून आसपासच्या हॉटेलवाल्यांच्या वेबसाइट बनवायला लागले. स्वभावाने मी तापट आहे, हे सासूबाई तुम्हाला न विचारता सांगतील. दिलावरभाऊंनी मळवली स्टेशनवर आयुष्यभर रिक्षा चालवली. बायको फार पूर्वी गेली. आता घरात एकटे, आणि घरामागच्या दोन खोल्या लेणी बघायला येणाऱ्यांना देतात. त्या खोल्यांची वेबसाइट मी शेजारधर्म म्हणून करून दिली, आणि शेजारधर्म किती महागात पडतो ते शिकले.

पहिलं भांडण झालं ते बुकिंगच्या अर्जावरून. नाव, फोन, तारीख एवढं पुरे, असं माझं म्हणणं. त्यांना चौथा रकाना हवा होता: 'कुणाकडून आलात?' तोही सक्तीचा. सक्तीच्या रकान्यापुढे छोटी लाल चांदणी येते. ती आल्याशिवाय ते खाटेवरून हलेनात. मी सांगितलं, लोक वैतागून निघून जातील. ते म्हणाले, 'जाऊ दे की. ज्याला आपलं मानूस सांगता येत न्हाई, त्याला उशी कशी द्यायची?'

मग मी त्यांना साइटचा अहवाल दाखवला. वेबसाइटवर येणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्यातरी पानावरच्या लिंकवरून येतो, आणि कुठून आलो ते येताना सांगतो. अहवालात तसं लिहून येतं: अमक्या साइटकडून आले, तमक्या साइटकडून आले. दिलावरभाऊ सरळ होऊन बसले.

'म्हंजी हे मशीनबी कुणापैकी इचारतं?'

हो म्हटल्यावर त्यांनी माझ्या लॅपटॉपकडे प्रथमच आदराने पाहिलं.

त्या दिवसापासून रोज सकाळी चहाबरोबर अहवाल. सुरुवातीला चारदोन ओळीच असायच्या. कुणी नकाशावरून, कुणी गड चढणाऱ्या पोरांच्या पानावरून. एक ओळ नुसतीच 'थेट' अशी असायची. थेट म्हणजे कुणाकडून, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणाकडूनच नाही. पत्ता पाठ असला किंवा फोनमध्ये जपून ठेवला असला, की माणूस सरळ येतो. हे त्यांनी मला नंतरही बऱ्याचदा विचारलं. मी दरवेळी तेच सांगितलं, जरा अधिक चिडून.

भात कापणीच्या सुमाराला अहवाल एकदम फुगला. पानंच्या पानं पाहुणे, सगळे परदेशी नावांच्या साइटकडून. एका नावात फुकट गिऱ्हाइकं मिळतील असं लिहिलेलं, एकात लॉटरी, एकात केस उगवायचं तेल. दिलावरभाऊंनी गाद्या उन्हात घातल्या. मी कपाळावर हात मारला आणि त्यांना समजावलं. हे पाहुणे नाहीत. ही यंत्रं आहेत. पहाटे कुणी तुमच्या फाटकाशी येऊन दुकानाचं नाव ओरडून पळत सुटावं, तसं. कोण ओरडलं बघायला तुम्ही त्या दुकानात जाता, तेवढ्यावर त्यांची पोळी भाजते. म्हणून त्या नावावर बोट ठेवायचं नाही.

'व्हय,' ते म्हणाले.

आणि सगळ्यांकडे जाऊन आले. कारण आपल्या दारी आलेल्याच्या दारी एकदा जाऊन यावं, ही रीत. ते दुपारी हातपाय धुऊन फोन घेऊन बसत, एकेका नावावर बोट ठेवत, आणि तिथे काही लिहायची जागा असेल तर लिहीत: 'आलतो. भेट झाली न्हाई. दिलावर तांबोळी, कार्ले.' केसांच्या तेलवाल्यांकडेही लिहून आले. टोपीखाली त्यांना एकही केस नाही. या फसवणाऱ्यांनी माणसाच्या उत्सुकतेवर जाळं टाकलं होतं. त्यात एक माणूस शिष्टाचारापायी अडकेल, हे त्यांच्याही ध्यानीमनी नसेल.

अडकले मात्र चांगलेच. एका दुपारी त्यांच्या अंगणातून भोंग्यासारखा आवाज आला. मी कुंपणाशी गेले तर फोन किंचाळतोय, पडद्यावर लाल पाटी, आणि खाली एक नंबर. दिलावरभाऊंनी तो नंबर घरातल्या दुसऱ्या फोनवरून लावलाही होता. ऐकायला कमी येतं म्हणून त्यांचा स्पीकर कायम चालू असतो. पलीकडचा माणूस हिंदीत सांगत होता की तो कंपनीतून बोलतोय. हे त्याला विचारत होते, कुणापैकी? तो म्हणाला, हेड ऑफिस. यांनी विचारलं, हेड ऑफिस कुणापैकी? तो बिचारा घामाघूम झाला असावा. अखेर त्याने कुठल्यातरी गावाचं नाव सांगितलं, यांचं समाधान झालं, आणि हे आलेला ओटीपी वाचायला लागले. मी कुंपण कसं ओलांडलं ते मला आठवत नाही. शेवटचा आकडा तोंडातून बाहेर पडायच्या आत मी फोन हिसकावला. मग बँकेत पळापळ, पासवर्ड बदलणं, माझी बडबड.  ते नुसते 'व्हय, व्हय' म्हणत राहिले, आणि मला आणखीनच राग आला.

एवढ्यावर भागलं नाही. ज्या कंपनीच्या यंत्रावर ही साइट ठेवली होती, तिची नोटीस आली. या खोट्या वर्दळीचा भार यंत्राला पेलत नाही. गुरुवारी संध्याकाळपर्यंत बंदोबस्त करा, नाहीतर साइट बंद करू. माझ्याकडे उपाय तयार होता. भारताबाहेरून येणाऱ्या सगळ्यांना एका फटक्यात दार लावायचं. कार्ल्याच्या दोन खोल्यांत राहायला परदेशातून कोण येणार आहे? गुरुवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले, केवळ सांगायला.

'दार लावायचं न्हाई,' दिलावरभाऊ म्हणाले.

मी पुन्हा समजावलं. ते पुन्हा तेच म्हणाले. मी विचारलं, ओटीपीची गोष्ट विसरलात का? साइट मुळातच बंद पडली तर काय करणार? त्यांनी खाटेचा दोर बोटांत घट्ट धरला होता आणि माझ्याकडे बघतही नव्हते. माझा आवाज चढला. तुमच्या हट्टापायी मी माझी कामं सोडून बसलेय, संध्याकाळी साइट गेली की माझ्याकडे यायचं नाही, असं काहीबाही बोलले. त्यात गुरुवार, वीजवाल्यांचा दुरुस्तीचा वार, त्यामुळे वीज सकाळपासून नाही, आणि बॅटरी निम्म्याच्या खाली.

'सूनबाई,' ते म्हणाले, 'ती थेटची ओळ काढ. कंच्या गावची हाये बघ.'

मी काढली. ओळखीचे पुणे, मुंबई. आणि खाली मस्कत.

मस्कतला कोण आहे, हे मला कळायला एक क्षण लागला. मी या घरात यायच्या आधीची गोष्ट, पण सासूबाईंकडून ऐकली होती. दिलावरभाऊंची एकुलती एक मुलगी नसरीन, नर्स. तिला मस्कतच्या दवाखान्यात नोकरी लागली. यांनी जाऊ नको म्हणून सांगितलं, ती गेली. पुढं सुट्टी काढून आली, बॅग घेऊन फाटकात उभी राहिली. हे याच खाटेवर बसले होते. त्यांनी पोटच्या पोरीकडे वर मान करून पाहिलं आणि विचारलं, कुणापैकी?

सासूबाई तेव्हा अंगण झाडत होत्या. नसरीनने बॅग उचलली आणि आली तशी गेली.

'मला वाटलं, भांडंल,' दिलावरभाऊ म्हणाले. 'लहानपनापास्नं भांडखोर. भांडंल आन् आत यील. ती भांडलीच न्हाई.'

मी विचारलं, नंबर नाही का तिचा?

'हाये. लावायला तोंड न्हाई.'

म्हणून वेबसाइट; पत्ता फिरत फिरत कधीतरी नसरीनपर्यंत पोचेल, या आशेवर. म्हणून साइटवर खोल्यांपेक्षा फाटकाचे, विहिरीचे, मागच्या पेरूच्या झाडाचे फोटो जास्त; मी तेव्हा त्यांना हसले होते. म्हणून रोज सकाळी, चहा गार होईपर्यंत, थेट म्हणजे काय ते पुन्हा पुन्हा.

आता मी एका वेगळ्याच पेचात सापडले. त्यांना जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं: यंत्रंही कधी कधी कुणाचंच नाव न सांगता येतात. तीही थेटमध्येच जमा होतात. मस्कतची ओळ केसांच्या तेलवाल्यांचीच कुणी बहीण असू शकत होती. खरं काय ते यंत्राच्या कच्च्या नोंदी उघडल्यावर कळणार होतं, आणि त्या उघडायला माझा हात धजेना. 

'बघ,' ते म्हणाले. 'खोटं असंल तर तसं सांग.'

मी नोंदी उघडल्या. यंत्र येतं ते क्षणात पळतं; ते फोटो उघडत नाही, कारण त्याला बघायचं काहीच नसतं. मस्कतहून येणारा एकच फोन होता. तो यायचा, फाटकाचा फोटो उघडायचा, मग विहिरीचा, मग पेरूच्या झाडाचा. तिथे बराच वेळ थांबायचा. खोल्यांच्या पानावर तो कधीच गेला नव्हता.

मी त्यांना सांगितलं, हे माणूस आहे. कोण आहे ते सांगता येत नाही, पण माणूस आहे. त्याला खोली नकोय.

दिलावरभाऊंनी टोपी काढली, तिच्यात तोंड खुपसलं आणि तसेच बसून राहिले. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. दुसरं काय करणार?

मग मी परदेशाला दार लावलं नाही. ओरडणाऱ्यांची नावं एकेक करून अडवत बसले. एकाला अडवलं की तो नाव बदलून यायचा. तेव्हा नाव सोडून त्याची येण्याची पद्धत धरली, फोटोला न शिवता पळणारे शोधून त्यांना फाटकातच थोपवलं. बॅटरी लाल झाली. दिलावरभाऊ शेजारी बसून काहीही विचारत नव्हते, आणि त्यांचं न विचारणं मला फार जड जात होतं. दिवे आले तेव्हा बाहेर संधिप्रकाश होता आणि भार उतरला होता. मी कंपनीला कळवलं. पुन्हा तपासून त्यांनी साइट राहू दिली.

उठताना ते म्हणाले, 'ती लाल चांदणी काढ.'

मी म्हटलं, सगळा रकानाच काढते. ते नको म्हणाले. परक्याला विचारायलाच हवं. पण त्याच्या खाली एक ओळ घाल. ओळ त्यांनी मला सांगितली, दोनदा बदलली, आणि शेवटी एवढीच ठेवली: 'घरच्यांनी सांगायची गरज नाही. सरळ यावं.'

पुढचे काही दिवस अहवाल मागायला ते आले नाहीत. त्यांना भीती वाटत असावी. मला तर वाटतच होती. मी रोज गुपचूप बघत होते. मस्कतची ओळ आली, एकदा नव्हे तर एकाच दिवशी परत परत आली, आणि मग येईनाशी झाली. वाटलं, आपण त्या एका ओळीने तिला बिथरवलं. हे त्यांना सांगायचं कसं, याचा विचार करत मी कुंपणाशी दोरीवरचे कपडे काढत होते, तेव्हा पलीकडे खाटेवर त्यांचा फोन वाजला.

त्यांनी नंबर पाहिला. फोन उचलला. आणि काही बोलले नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी मुक्याने फोन उचललेला मी पहिल्यांदाच पाहिला. पलीकडेही कुणी बोलेना. स्पीकरमधून नुसती कुठल्यातरी मोठ्या रस्त्याची घरघर येत होती.

मग पलीकडून आवाज आला, थोडा भांडखोरच.

'इचारा की, अब्बा. कुणापैकी ते इचारा की.'

 दिलावरभाऊंनी फोन दोन्ही हातांत धरला.

'माझ्यापैकी,' ते म्हणाले. 'माझ्यापैकी गं.'

माझ्या डोळ्यांना धार लागली होती. उरलेले कपडे दोरीवर तसेच ठेवून मी घरात गेले.