कौलावरचा दात

बिवलकर डॉक्टरांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे. दात मात्र कायमचे राहत.

मी लोणावळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो, तेव्हा त्यांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या. ते खाली दवाखान्याच्या मागच्या खोलीत एकटेच राहत. एकच नळ, एकच अंगण. पहिला आठवडाभर मी रोज सकाळी त्यांना नमस्कार करायचो आणि ते रोज, हा कोण आगंतुक घुसला, अशा नजरेने बघून आत जायचे. मग एके दिवशी नळावर माझी भरलेली बादली कलंडली, सगळं पाणी माझ्याच चपलांत गेलं आणि मला हसू आलं. डॉक्टर थबकले. चष्मा कपाळावर चढवून माझ्या तोंडाजवळ वाकले.

"वरचा डावा सुळा वाकडा," ते म्हणाले. "छान. आता तुम्हाला विसरणं नाही."

आणि खरंच विसरले नाहीत. फक्त मी ओठ मिटून समोर आलो की त्यांची पंचाईत व्हायची. मग ते म्हणायचे, "ओठ उघडा." हे वाक्य ते पोस्टमनला म्हणत, स्टेशनवरच्या तिकीट तपासनिसाला म्हणत, आणि एकदा गावात व्याख्यानाला आलेल्या पाहुण्यांना हार घालतानाही म्हणाले होते. पाहुण्यांनी बिचाऱ्यांनी उघडले.

अंगाने उंच, पांढरी पाटलोण, डोक्यावर सोला हॅट. मिशा अशा की वरचा ओठ आहे की नाही याची खात्री देता येऊ नये. चहा आधी मिशीतून गाळला जायचा, मग पोटात जायचा. हसू आलं तर ते नाकातून निघे आणि खांदे हलत. सगळ्या गावाचे दात बघणाऱ्या या माणसाने स्वतःचे कुणाला कधी दाखवले नव्हते. मला तो त्यांच्या ऐटीचा भाग वाटायचा.

लहान मुलांच्या दातांत त्यांना रस नव्हता. "दुधाचे आहेत, जाऊ द्यात." म्हाताऱ्यांच्या दातांतही नव्हता. "वापरून झालेत." त्यांचा जीव अडकलेला असायचा तो बारा ते सोळा वर्षांच्या पोरांच्या पुढच्या दोन दातांत. ते म्हणत, "मास्तर, या वयात हातपाय एकदम लांब होतात. अक्कल तेवढ्या वेगाने लांब होत नाही. मध्ये सापडतात ते दात."

दात तुटला कसा, हे मुलाने सांगायची गरजच नसे. सांगून उपयोगही नसे, कारण सगळी मुलं एकच कारण सांगतात, 'पडलो'. डॉक्टर तुटका दात उजेडाकडे धरून बघत आणि निकाल देत. कोपरा तिरका उडाला असेल तर विटी. आडवा कापल्यासारखा असेल तर हापशाचा दांडा. दोन्ही दात हलत असतील तर सायकल, तीही डबलसीट आणि उतारावर. माझ्या वर्गातला एक मुलगा असाच पायरीवरून पडलो म्हणत आला. डॉक्टर म्हणाले, "पायरीवर पडलास तर हनुवटी फुटली असती. तू सोड्याच्या बाटलीचं बूच दाताने काढलंस. पैज कुणाशी लावली होतीस?" मुलाने घाबरून पैजेतल्या साऱ्या मित्रांची नावं सांगून टाकली.

हे कळत असल्यामुळे गावभर त्यांची लढाई चालू असे. शाळेच्या हापशाच्या दांड्याला त्यांनी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. मुख्याध्यापकांनी विचारलं, "डॉक्टर, हापशाला पट्टी बांधलीत, आजारी आहे का तो?" त्यावर डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "तो नाही. त्याच्यामुळे होतात."

चिक्कीच्या दुकानापुढे तर ते उभेच राहायचे. मुंबईचं कुटुंब चिक्की घेऊन बाहेर आलं आणि त्यात कुणी मिसरूड फुटलेला मुलगा दिसला की हे पुढे होऊन सांगणार, "दाढेने खा. पुढच्या दातांनी तोडू नकोस." दुकानदार वैतागला. "डॉक्टर, गिऱ्हाईक बिचकतं हो." शेवटी दोघांची तडजोड झाली. दुकानदाराने गल्ल्याजवळ दोरीला एक छोटा बत्ता टांगला, चिक्की फोडून घ्यायला. पुढे मुंबईकरांना वाटायला लागलं की लोणावळ्यात चिक्की अशीच खायची पद्धत आहे, आणि बत्त्यासाठी रांग लागू लागली.

पण डॉक्टरांचं खरं दुःख वेगळं होतं. "मास्तर, पडलेला दात मला कुणी ओला आणून देत नाही," ते म्हणत.

गोष्ट अशी होती की पक्का दात मुळासकट निखळला, तर तो लगेच, ओला असतानाच परत जागेवर बसवता येतो. कधीकधी तो मूळ धरतोही. डॉक्टरांनी हे पुस्तकात वाचलं होतं, कॉलेजात एकदा पाहिलं होतं, आणि आयुष्यात एकदा तरी आपल्या हाताने करून बघायचं होतं. पण आमच्या मावळात पडलेल्या दाताचं काय करायचं हे आधीच ठरलेलं. शेणाच्या गोळीत घालून कौलावर फेकायचा, म्हणजे नवा येतो. दुधाच्या दाताला हे ठीक आहे, नवा येतोच. पण सहाव्या वर्षी लागलेली सवय चौदाव्या वर्षी सुटत नाही. डॉक्टर वर्गावर्गांत येऊन सांगून जायचे, की पक्का दात कौलावर टाकू नका, गालात धरा आणि माझ्याकडे पळत या. मुलं माना डोलवायची. आणि दात पडला की सवयीने शेण शोधायला जायची.

हौसा त्या वेळी नववीत होती. मळवलीजवळच्या गावातून गाडीने यायची. वडील धोंडिबा भातशेती करायचे. ही मुलगी हसली की शेजारच्या वर्गात कळायचं. गणिताचे मास्तर तिच्यावर रागवायला लागायचे आणि मध्येच स्वतः हसायचे. खो-खोत तर तिला पकडणं कुणाच्या हातात नव्हतं.

पाऊस सरत आला होता. मैदान अजून ओलं. सरावात हौसा खांबाला वळसा घालायला गेली, पाय सटकला आणि तोंडच खांबावर आपटलं. मी धावत पोचलो तेव्हा तिच्या तोंडातून रक्त येत होतं आणि वरचा पुढचा दात जागेवर नव्हता. कुणीतरी डॉक्टरांना सांगायला पळालं होतं. ते आले ते एकाच पायात चप्पल घालून. त्यांच्या मागून गळ्याला रुमाल बांधलेले, एक गाल सुजलेले कुसगावचे एक हॉटेलवाले आले. अर्धवट कोरलेल्या दाढेसकट त्यांना खुर्चीत सोडून डॉक्टर निघाले होते, म्हणून तेही निघाले होते.

"दात कुठाय?" डॉक्टरांनी विचारलं.

हौसाची मैत्रीण पुढे झाली. "कौलावर टाकला."

डॉक्टरांचा चेहरा पडला. "शेणात घालून?"

"न्हाई. लय हुडकलं, पण हितं शेणच गावलं न्हाई. मग तसाच टाकला."

डॉक्टरांनी आभाळाकडे बघून हात जोडले. "शिडी आणा," ते म्हणाले.

शाळेचं कौलारू छप्पर शेवाळाने हिरवं झालं होतं. मुख्याध्यापकांनी शिडी धरली, मी मुख्याध्यापकांना धरलं. पन्नाशीचा तो माणूस हॅटसकट वर चढला आणि कौलांवरून पोटावर सरकू लागला. खाली मुली सांगत होत्या, "डावीकडं टाकलाय, डावीकडं." मुख्याध्यापक कळवळून म्हणत होते, "कौल फुटू देऊ नका हो." मग डॉक्टरांनी पन्हळीत हात घातला आणि खालून दिसेल असा काहीतरी पांढरा ठिपका वर धरला. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टर खाली उतरले, तेव्हा त्यांचे दोन्ही हात रिकामे होते.

"दात?" मी विचारलं.

त्यांनी स्वतःच्या गालाकडे बोट दाखवलं. गाल फुगलेला होता. शिडीला दोन हात हवेत, आणि दात सुकला की मेला. म्हणून त्यांनी तो सरळ स्वतःच्या तोंडात ठेवला होता.

"गिळला वाटतं," हॉटेलवाले सुजल्या गालातून म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी आमच्याकडे पाठ करून दात काढला, मिठाच्या पाण्याने धुतला आणि हौसापुढे आले. इतका वेळ धीराने बसलेली पोरगी आता मात्र मागे सरली. "शी. तुमच्या तोंडातला."

"माझ्या तोंडात होता. आहे तुझाच," डॉक्टर म्हणाले. "ओठ उघड."

दात जागेवर गेला. शेजारच्या दातांना बारीक तारेने तो बांधला. डॉक्टरांचा हात इतका हलका मी कधी पाहिला नव्हता. सगळा वेळ ते हौसाशी नाही, दाताशीच पुटपुटत होते, बस बाबा, बस जागेवर.

संध्याकाळी धोंडिबा आले. त्यांनी मुलीचं सुजलेलं तोंड बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, पोरीच्या जातीला ह्यो खेळ पायजेल कशाला? दात ऱ्हायला तर ऱ्हायला. गेला तर साळा बंद. आमी दात पाडायला पाठवत न्हाई तिला." हौसाच्या तोंडात तार होती, आणि डोळ्यांत पाणी होतं. तिला पुढे शिकून शिक्षिका व्हायचं होतं, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. आता ते सगळं त्या एका दातावर येऊन थांबलं.

"भाकरी बंद," डॉक्टर धोंडिबांना म्हणाले. "नुसता मऊ भात."

"भाकरीबिगर पोट भरंल व्हय?"

"पोट भरू दे नाहीतर राहू दे. दात धरला पाहिजे."

दाताचा निकाल लागेपर्यंत धोंडिबांनी हौसाला घरीच ठेवलं, आणि दर रविवारी डॉक्टर मळवलीला जायला लागले. मीही एकदोनदा बरोबर गेलो. ओटीवर हौसाला बसवायचं, करंगळीच्या नखाने दाताला टिचकी मारायची, कान जवळ नेऊन ऐकायचं. दात हलायचा. डॉक्टर मान हलवायचे. गावात चर्चा सुरू झाली. "धोंडिबाच्या घरी ऐतवारी दात वाजवाया कोण येतंया?" असं एक आजी मला बांधावर थांबवून विचारत होत्या. हौसाची आई जेवल्याशिवाय सोडायची नाही. हौसासाठी केलेला आंबेमोहोराचा मऊ भात डॉक्टरही खायचे, वरून तूप मागून घ्यायचे. तासाभराचं काम, पण ते परतायचे शेवटच्या गाडीने. एरवी रविवारी हा माणूस दवाखान्याच्या दारात खुर्ची टाकून रस्त्याने जाणाऱ्यांचे दात बघत बसायचा, हे मला तेव्हा आठवलं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी त्यांनी तार सोडली आणि टिचकी मारली. पुन्हा मारली. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून दात हलवून पाहिला.

"हलत नाही," ते म्हणाले.

आणि उठून खळ्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. बराच वेळ चष्मा पुसत होते. धोंडिबा त्यांच्यामागे गेले, खाकरले आणि म्हणाले, "डाक्टर, उद्यापास्नं जाईल ती साळंला. खेळू द्या. पर त्या खांबाला बी तुमची ती टूब गुंडाळा." डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी खांबाला ट्यूब गुंडाळली. खो-खोच्या नियमात ते बसत नव्हतं, पण मुख्याध्यापकांनी तिकडे काणाडोळा केला.

दोन वर्षांनी हौसाची अकरावीची, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकची, तुकडी शाळा सोडून निघाली. निरोपाचा गट फोटो काढायचा होता. खुर्च्यांवर आम्ही शिक्षक, मागे मुलं. हौसा म्हणाली, डॉक्टरकाका आल्याशिवाय फोटो नाही. डॉक्टरांना बोलावून आणलं. ते कडेला उभे राहायला बघत होते, मुलींनी त्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं. फोटोवाल्याने काळ्या कापडात डोकं घातलं, मग बाहेर काढलं.

"सगळे हसा. मधले गृहस्थ, तुम्हीपण."

डॉक्टरांनी मिशी खाली ओढली. हौसा मागून वाकली.

"डाक्टरकाका," ती म्हणाली, "ओठ उघडा."

इतकी वर्षं त्यांनी अख्ख्या गावाला जे फर्मावलं होतं, ते पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी फर्मावलं. त्यांचे खांदे हलले. नाकातून आवाज आला. आणि मग त्यांना आवरेना, ते तोंड उघडून हसले. मी शेजारीच बसलो होतो. त्यांचा वरचा पुढचा एक दात नव्हता.

परत येताना मी विचारलं. माझ्याच्याने राहवेना.

"चौदाव्या वर्षी," ते म्हणाले. "विटी. मीच कौलावर फेकला. वर्षभर रोज सकाळी आरशात बघत होतो, नवा आला का. मुलं हसायची, म्हणून मी हसणं सोडलं. मग मिशा आल्या."

"पण तुम्ही तर डॉक्टर. खोटा बसवून घ्यायचा."

"कशाला? घरी दाखवायला आहे कोण?" ते सहज म्हणाले. मग जरा थांबून, हॅट सारखी करत म्हणाले, "त्या दिवशी कौलावर मात्र, मास्तर, हौसाचा दात तोंडात धरला, तेव्हा जिभेने तो त्या जागी टेकवून बघितला. चांगलं वाटलं. तिचा होता, म्हणून परत दिला."

घर येईपर्यंत मी त्यांच्या पावलाला पाऊल जुळवून चालत राहिलो.

फोटो आला, तेव्हा त्यांनी एक प्रत मागून घेतली आणि दवाखान्यात समोरच टांगली, जिथे आधी जबड्याचा तक्ता होता तिथे. तपासायला आलेली मुलं बाकावर बसून त्या फोटोकडे बघायची, एकमेकांना कोपराने ढोसायची आणि खुदखुदायची. मी एकदा म्हणालो, डॉक्टर, फोटो आत लावा, पोरं हसतात.

"हसू द्या," ते म्हणाले. "मला त्यांचे दात दिसतात."